माझा डिसेंबर कुठे गेला? वर्षअखेरीचे आढावे बनवणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

गाणी ऐकवणाऱ्या, फोटो जपणाऱ्या, पावलं मोजणाऱ्या आणि वाचलेल्या पुस्तकांची यादी ठेवणाऱ्या समस्त कंपन्यांना,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, यंदाही तुमच्याकडून माझ्या वर्षाचे आढावे आले. गाण्यांचा वेगळा, फोटोंचा वेगळा, पावलांचा वेगळा, पुस्तकांचा वेगळा. सगळे भडक रंगांचे, सगळे उड्या मारत येणारे आणि सगळ्यांत माझं अभिनंदन. कशाबद्दल, ते प्रत्येकाने आपापलं ठरवलेलं.

‘नको असेल तर बघू नका’ हे उत्तर तुमच्याकडे तयार असेल. ते मला लागू पडत नाही, कारण मला बघायचं असतं. वर्ष सरताना मागे वळून पाहावं, काय मिळालं, काय गेलं, काय नुसतंच हातून निसटलं याचा हिशेब मांडावा, असं माणसाला तुमच्या कितीतरी आधीपासून वाटत आलंय. तुम्ही त्या वाटण्यावर धंदा बेतलात. बेतलात तर बेतलात. पण बेतताना हिशेब मांडणारा माणूसच त्यातून वगळलात, आणि माझी तक्रार तेवढ्यापुरतीच आहे.

मी सबटायटल्स लिहिते. म्हणजे संक्षेप हा माझा पोटापाण्याचा उद्योग. पडद्यावर दोन ओळी, त्याही जास्तीत जास्त सातेक सेकंद. पात्र भरभरून बोलतं, वाचणाऱ्याला तेवढी सवड नसते, मग काहीतरी गाळावं लागतं. काय गाळायचं हे ठरवण्याचेच मला पैसे मिळतात. गाळलेला शब्द पुढच्या प्रसंगात महत्त्वाचा निघाला तर जबाबदारी माझी. दिग्दर्शक विचारतो, ‘हे का गेलं?’ आणि मला उत्तर द्यावं लागतं. तुमच्या आढाव्यांकडे मी याच नजरेने बघते. यात गाळलंय काय? कुणी? आणि ‘हे का गेलं’ असं विचारायचं कुणाला?

सगळ्यात आधी डोळ्यांत भरतं ते हे की डिसेंबर गाळलाय.

गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफायचा ‘रॅप्ड’ या नावाचा आढावा २०१६ पासून निघतो. २०२३ मध्ये तो २९ नोव्हेंबरला आला, २०२४ मध्ये ४ डिसेंबरला. मोजणी त्याच्याही काही आठवडे आधी थांबते आणि पुढच्या आढाव्याची मोजणी जानेवारीपासून धरतात. मधले दिवस ना या वर्षात, ना त्या. कारण उघड आहे. वर्ष संपायच्या आत लोकांनी तुमची रंगीत कार्डं आपापल्या स्टेटसवर लावायला हवीत, चारचौघांनी ती बघायला हवीत, म्हणजे तुमची जाहिरात फुकटात होते. एकाचं चाललंय म्हटल्यावर बाकीच्यांनीही तोच मुहूर्त धरला. माझ्या ओळखीत डिसेंबरात लग्न केलेली, डिसेंबरात नोकरी गमावलेली आणि डिसेंबरात आजी झालेली माणसं आहेत. तुमच्या लेखी त्यांच्या आयुष्यातल्या या गोष्टी कुठल्याच वर्षात घडल्या नाहीत.

घाई नवी नाही म्हणा. सतराव्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंची पत्रकं छापत, आणि नाताळच्या तोंडावर वर्षभराचं एकत्र पत्रक निघे. १६६५ च्या पत्रकाचं वर्ष १९ डिसेंबरला संपतं. त्यांनाही छापून मोकळं व्हायचं होतं. पण उरलेले दिवस ते निदान पुढच्या वर्षात धरत. तुम्ही टाकून देता.

त्या पत्रकाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण वर्षाच्या आढाव्याचा इतका भीषण आणि तरी इतका माणसांत राहून केलेला नमुना मला दुसरा माहीत नाही. ते मोठ्या प्लेगचं वर्ष. एकूण दफनं ९७,३०६. त्यांपैकी प्लेगच्या नावावर ६८,५९६, आणि खरा आकडा याहून मोठा असणार असं इतिहासकार धरतात. पण या अवाढव्य आकड्यांच्या आसपास बारीक बारीक नोंदी आहेत. दात आणि जंत, २,६१४. घाबरून, २३. दुःखाने, ४६. मृत्यूचं कारण ठरवायला घरोघर जात त्या बहुतेक वयस्क, गरीब बायका. वैद्यकाचं शिक्षण त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. त्यांच्या निदानावर आज कुठलाही डॉक्टर हसेल. पण कुणीतरी त्या घरात गेलं, प्रेत पाहिलं, घरच्यांना विचारलं आणि बाहेर येऊन सांगितलं की हा माणूस दुःखाने गेला. प्लेगच्या धुमाळीतसुद्धा त्यासाठी वेगळा रकाना ठेवलेला होता. तुमच्या कुठल्याच आढाव्यात मला तो सापडलेला नाही.

त्याच शहरात, त्याच वर्षी, नौदलाच्या कचेरीत काम करणारा सॅम्युअल पीप्स रोजनिशी लिहीत होता. ३१ डिसेंबरला तो वर्षाचा हिशेब मांडायला बसला (त्याचा डिसेंबर पुरता भरलेला होता). मालमत्ता १,३०० पौंडांवरून ४,४०० पौंडांवर गेली होती. आपण इतक्या मजेत कधीच राहिलो नव्हतो, असं त्याने लिहून ठेवलं. प्लेगच्या वर्षात! वाचताना त्याचा राग येतो. पण त्याच नोंदीत आपल्या चांगल्या ओळखीची कितीतरी माणसं मेल्याचंही तो लिहितो. दोन्ही खरं होतं. तुमच्या यंत्राकडे हे वर्ष दिलं असतं तर त्याने काय केलं असतं? शहराचे आकडे बघून काळी चौकट पाठवली असती, नाहीतर ४,४०० पौंडांवर फुगे लावले असते. दोन्ही एका माणसाचंच, एकाच रात्रीचं म्हणणं आहे, हे पीप्सखेरीज कोण सांगणार?

आता माझ्या वर्षाकडे येते. तुमच्यापैकी कोण काय म्हणालं ते नावं न घेता सांगते. ज्याचं त्याला कळेल.

पावलांच्या ॲपने माझा ‘सर्वोत्तम दिवस’ निवडला. पदक, आतषबाजी, सगळं झालं. तो दिवस मी रुग्णालयात काढला होता. बाबांना तातडीने दाखल केलेलं. तपासण्या एका इमारतीत, कागदपत्रं दुसरीत, औषधं तिसरीत, आणि लिफ्टपाशी कायम रांग. त्या दिवसातलं मला काय आठवतं म्हणाल तर एका जिन्याच्या कठड्याचा गारवा आणि माझं स्वतःचं धापा टाकणं. तुम्हाला त्यात विक्रम दिसला. (दहा हजार पावलांचं तुमचं लाडकं उद्दिष्ट १९६५ च्या एका जपानी पेडोमीटरच्या, म्हणजे पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या, नावातून आलंय, वैद्यकीय संशोधनातून नव्हे. पण ते असो.)

गाण्यांच्या ॲपने सांगितलं की माझा सगळ्यांत आवडता कलाकार म्हणजे पावसाचा आवाज. बाबांना घरी आणल्यावर रात्री डोळा लागत नव्हता, म्हणून आम्ही पाऊस लावून ठेवायचो, पहाटेपर्यंत. बाबा आता ठणठणीत आहेत, आणि तो आवाज चुकून वाजला तर आतून ओरडतात, ‘तो नळ बंद करा आधी.’ पावसाखालोखाल एक गाणं होतं. त्याच्या ओळी पडद्यावर नेमक्या क्षणी उमटाव्यात म्हणून मी ते थांबवत, मागे नेत, पुन्हा लावत बसले होते. ते मला आवडत नाही. आधीही फारसं आवडत नव्हतं, आता तर कुणी लावलं की मी खोलीतून उठून जाते. तुमच्यात तीस सेकंद वाजलं की ते ऐकलं असं धरायची रीत आहे. का ऐकलं, कुणासाठी ऐकलं, दात-ओठ खात ऐकलं का, यासाठी रकाना नाही. आणि एवढ्या ऐवजावर तुम्ही माणसाचा स्वभाव सांगता! २०२५ मध्ये तर स्पॉटिफायने लोकांना त्यांचं ‘ऐकण्याचं वय’ काढून दिलं, आणि विशीतली पोरं आपण सत्तरीचे निघालो म्हणून हसत सुटली. त्या हसण्याला माझी ना नाही. फक्त हा खेळ आहे असं त्यावर लिहायला हवं होतं.

फोटोंच्या ॲपने माझी आणि एका मैत्रिणीची चित्रफीत बनवली. वर ‘अविस्मरणीय क्षण’ असं नाव, मागे गिटार. आमचं बोलणं बंद झालंय. का, हा या पत्राचा विषय नाही. अशा चेहऱ्यांना लपवायची सोय तुम्ही ठेवली आहे हे मला ठाऊक आहे: सेटिंगमध्ये जायचं, तो चेहरा निवडायचा आणि हा दाखवू नका म्हणायचं. म्हणजे जिला तो चेहरा नजरेसमोर नको आहे, तिनेच तो आधी शोधून काढायचा.

हे मी नव्याने सांगतेय असंही नाही. २०१४ च्या डिसेंबरात फेसबुकने लोकांना वर्षाचा आढावा दाखवला होता, ‘वर्ष मस्त गेलं’ अशा मथळ्याचा. वेब डिझाइनच्या जगात नावाजलेले एरिक मायर यांच्यासमोर तो आपोआप आला. मधोमध त्यांच्या मुलीचा, रिबेकाचा फोटो, भोवती नाचणारी माणसं आणि फुगे. रिबेका त्याच वर्षी जूनमध्ये, आपल्या सहाव्या वाढदिवसाच्या दिवशी, मेंदूच्या कर्करोगाने गेली होती. मायर यांनी त्यावर जे लिहिलं ते तुमच्या प्रत्येक बैठकीच्या आधी मोठ्याने वाचायला हवं. त्यांनी कुणाला शिव्या घातल्या नाहीत. ज्यांचं वर्ष खरंच चांगलं गेलं त्यांच्यासाठी हा कोड ठीक चालतो, असं त्यांनी मान्य केलं. फक्त इतकंच म्हटलं की ज्यांचं तसं गेलं नाही त्यांचा विचार ते बनवताना कुणी केला नाही. उपायही त्यांनीच सुचवला होता, आणि तो किती साधा: फोटो आपणहून भरू नका, आधी विचारा.

वेबवरचे रंग ज्या नावांनी ओळखले जातात त्यांत त्याच वर्षी ‘रिबेका पर्पल’ हा एक जांभळा रंग दाखल झाला. तिला जांभळा आवडायचा, म्हणून मायर यांच्याच व्यवसायातल्या लोकांनी तो तिच्या नावे केला. म्हणजे तंत्रज्ञांना हे जमत नाही असं नाही. एकच वर्ष, एकच मुलगी, एकच धंदा. एकीकडे माणसांनी एकमेकांशी बोलून एक गोष्ट केली आणि दुसरीकडे कुणी न बोलता एक गोष्ट होऊन गेली.

तुम्ही जे दाखवलंत त्याबद्दल एवढं. जे दाखवलं नाहीत त्याचं मला जास्त लागतं.

या वर्षी मला मुळापासून हलवून गेलं ते एक नाटक. त्याची तुमच्याकडे नोंद नाही, कारण पडदा वर जाण्यापूर्वी फोन बंद करा असं सांगतात आणि मी तो केला. भावाशी वर्षानुवर्षं अडून राहिलेलं एक बोलणं अखेर झालं, तेव्हा दोघांचे फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होते. एक पुस्तक मी अर्ध्यावर सोडलं, कारण पुढे वाचवेना. ते अजून डोक्यात भुणभुणतंय, आणि इतर कुठल्याही पुस्तकापेक्षा त्याच्याशीच माझं जास्त भांडण झालंय. पण पुस्तकांच्या ॲपला शेवटचं पान उलटल्याची तारीख हवी असते. तिथे हजार पानांचं पुस्तकही एक आणि आकडा गाठायला वर्षअखेरीस उरकलेलं पातळ पुस्तकही एक.

आणि काम. एका चित्रपटात एक बाई मिनिटभर काहीच बोलत नाही. मागे रेडिओवर बातम्या चालू आहेत. त्या बातम्यांची सबटायटल्स द्यायची का? दिली तर प्रेक्षक खाली वाचत बसतो आणि तिचा चेहरा हुकतो. नाही दिली तर बाहेर काय चाललंय ते त्याला कळत नाही, आणि ते कळणंही गरजेचं. मी दोन्ही करून पाहिलं. निम्मी देऊन पाहिली, ते तर सगळ्यात वाईट. दिग्दर्शकाशी वाद घातला, एडिटरला मध्ये घेतलं. शेवटी बातम्या गाळल्या आणि त्यातली एकच ओळ पुढच्या दृश्याच्या सुरुवातीला सरकवली. त्या मिनिटात पडद्याचा खालचा भाग कोराच राहिला. वर्षभरात मी केलेलं सगळ्यांत चांगलं काम ते. ज्या ॲपमध्ये मी काम करते त्याने वर्षअखेरीला मला लिहिलेल्या ओळींची संख्या कळवली. त्यात ही जागा अर्थातच शून्य.

तुमच्यातला एखादा हुशार इंजिनिअर इथे म्हणेल, बाई, माणसाच्या आठवणीवर तरी किती विसंबणार? रास्त आहे. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनिअल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३०, ज्यांत पाण्याचा गारठा हळूहळू एका अंशाने कमी केला. मग विचारलं, यातलं कुठलं पुन्हा कराल? बहुतेकांनी लांबलेला त्रास निवडला, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. त्रास किती वेळ झाला हे आठवणीने जमेसच धरलं नाही. म्हणजे आठवण मिनिटं मोजत नाही. आणि तुम्ही मिनिटं, पावलं, पानं यांखेरीज काही मोजत नाही. अर्धवट दोघंही आहेत, हे मला कबूल.

पण आठवणीशी भांडता येतं. मी म्हणते मे महिना फार वाईट गेला. भाऊ म्हणतो, वेडी आहेस का, मेमध्ये तर आपण इतके हसलो होतो. आई तिसरंच काहीतरी सांगते, आणि तिने कॅलेंडरवर खरडलेल्या नोंदी चौथंच. या ओढाताणीतून जे उरतं त्याला मी माझं वर्ष म्हणते, आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा बदललं तरी माझी हरकत नसते. तुमच्या आढाव्याशी भांडायला जागाच नाही. ‘हे चुकलंय’ असं बटण नाही, ‘याचं कारण वेगळं होतं’ असं लिहायला ओळ नाही. खाली एकच बटण असतं: शेअर करा.

मग तुम्ही काय करावं? आढावे बंद करा असं मी म्हणत नाही. मला तुमच्या नोंदी हव्या आहेत. कुठल्या रात्री पाऊस लावला होता, हे मला तुमच्याकडूनच कळलं, आणि त्या तारखांवरून बाबांच्या दुखण्याचा क्रम लावता आला. नोंद ठेवण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. ती नोंद मला द्या आणि बाजूला व्हा. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने तिथल्या लोकांना आपला डेटा मागून घ्यायचा आणि दुसरीकडे न्यायचा हक्क दिला, आणि तुमच्यातले बरेचजण आता इतरांनाही तो देतात. पण देतात कसा? अर्ज करायचा, काही दिवस थांबायचं, मग फाइलींचं एक गाठोडं येतं, जे यंत्राला वाचता येतं आणि माणसाला नाही. तुमचा निकाल बघायला एक बोट पुरतं आणि माझ्या नोंदी बघायला प्रोग्रामर गाठावा लागतो. हे उलट करा. महिनावार, साध्या शब्दांत, शेजारी कोरी जागा ठेवून द्या. त्या जागेत काय लिहायचं ते माझं मी बघते, आणि लिहिलेलं तुम्ही वाचायचं नाही.

फोटो लावण्याआधी विचारा. एरिक मायर यांनी हे सांगून बरीच वर्षं झाली. विशेषणं काढा. ‘अविस्मरणीय’, ‘मस्त’, ‘सर्वोत्तम’ यातलं काहीही तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. आणि हे सगळं जानेवारीत पाठवा, पूर्ण वर्षाचं. जाहिरात थोडी कमी होईल, होऊ दे.

आकडा दाखवणं थांबवलं तर ग्राहक पळतील, अशी भीती असेल तर प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात त्या गिटहबकडे बघा. प्रोग्रामरनी सलग किती दिवस काम केलं, हे तिथे प्रत्येकाच्या पानावर झळकायचं. साखळी तुटू नये म्हणून लोक आजारपणात आणि सुट्टीतही काहीतरी टाकून ठेवायचे. २०१६ मध्ये त्यांनी तो आकडा काढून टाकला. काहींनी आरडाओरडा केला. गिटहब आजही चालू आहे आणि प्रोग्रामर आजही तिथेच आहेत.

उत्तराची घाई नाही. पाठवाल तेव्हा त्यात फटाके आणि फुगे नसावेत, एवढंच.

आपली,
दरवर्षी न चुकता आढावा उघडणारी एक ग्राहक